जांभ्याचे कान

आत्यानं कानात तेल ओतून जांभ्याला बहिरं केलं, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. बाबा म्हणायचे, आई म्हणायची, शेजारचे करंदीकर तर येणाऱ्याजाणाऱ्याला गेटाशी थांबवून सांगायचे. मीही म्हणायचे. लग्न झाल्यावर नवऱ्यालाही मी हेच सांगितलं आणि तो हसला, कारण सांगायची माझी पद्धतच तशी होती. ते खरं नव्हतं. आता बाबा नाहीत, आई नाही, आत्या तर कधीच गेली. ज्यांच्यापुढे खोटी ठरायची भीती होती ती माणसंच उरली नाहीत, म्हणून मी लिहायला बसले आहे. यात शौर्य वगैरे काही नाही, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही हडपसरला राहायचो. आता तिथे जो उड्डाणपुलांचा आणि मॉलांचा गोंधळ आहे त्याच्या आधीचं हडपसर, म्हणजे सकाळी कारखान्याचा भोंगा, मंडईकडे निघालेले मेथीचे टेम्पो आणि आमच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे मोरी. बाबा पंपांच्या कारखान्यात हिशेबनीस होते. मूळचे यवतमाळकडचे, पण पुण्यात आल्यावर त्यांनी आपली बोली अशी खरवडून काढली होती की करंदीकरांनाही चूक सापडू नये. आत्या त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर सासरी सगळ्यांना नकोशी झाली, तेव्हा बाबांनीच तिला आणलं होतं. बाबांची आई ते चार वर्षांचे असताना वारली, त्यामुळे त्यांना वाढवलं होतं आत्यानंच. पण तिची बोली मात्र आली तशीच राहिली. "मले दे," "काऊन करून राहिली," "हाव ना बाप्पा." बाबा पाहुण्यांसमोर तिला हळूच दुरुस्त करायचे, "ताई, मले नाही, मला." आत्या म्हणायची, "हाव, मला," आणि पुढच्या वाक्यात पुन्हा मले. तिच्या हातची भाकरी कडेपर्यंत सारखी असे, आणि वांग्याच्या भाजीला ती लसणाची अशी फोडणी द्यायची की जिन्यात वास जायचा. करंदीकर खिडकी लावून घ्यायचे, आणि तासाभरानं वाटी घेऊन त्यांची बायको यायची.

अशा घरात लॅब्रॅडॉर आला. बाबांच्या साहेबांची बदली झाली आणि त्यांनी आपलं सहा महिन्यांचं काळंभोर पिल्लू बाबांच्या गळ्यात घातलं. 'गळ्यात घातलं' हे आईचे शब्द. बाबांना मनातून आनंदच झाला होता, कारण साहेबाघरचं कुत्रं म्हणजे पुण्यात आपण रुजलो असं त्यांना वाटत असावं. साहेबांनी त्याचं नाव काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं, ते आत्याच्या जिभेवर बसेना. तिनं त्याला पाहिलं आणि म्हणाली, "हे त जांभूळ आहे व माय." म्हणून जांभ्या. पहिल्या दिवशी तिनं बजावलं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला तर तंगडं मोडीन. आठवड्यात तो उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडायला लागला आणि महिन्यात तिच्या पाटाला पाठ लावून. तिचं चष्म्याचं घर तो तोंडात धरून आणून द्यायचा, एक दाताचा ओरखडा नसायचा. एकदा तर दुकानातून आणलेल्या पिशवीतलं अंडं त्यानं तोंडात धरून अख्ख्या घरात फिरवलं आणि आत्याच्या ओंजळीत सोडलं. आत्या अंड्याला शिवत नसे. त्या दिवशी शिवली.

बाबा आणि मी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो तो दिवस मला शब्दाशब्दानं आठवतो. डॉक्टर म्हातारे, सदाशिव पेठेतले, आणि बोलणं पेठेतलंच. "अहो, याचे पूर्वज बर्फाच्या पाण्यात उड्या मारून कोळ्यांची जाळी ओढायचे. तुम्ही त्याला दोन खोल्यांत ठेवणार. ठेवा, तो काही तक्रार करणार नाही, त्या जातीला तक्रार करता येत नाही." मग त्यांनी त्याच्या पायाची बोटं फाकवून मधला पडदा दाखवला, बदकाला असतो तसा. मुसळासारखी शेपटी दाखवली, पोहताना हिनं दिशा धरतो म्हणाले. अंगावर केसांचे दोन थर, आतला तेलकट, त्यानं पाणी कातडीपर्यंत जात नाही. म्हणून साबणानं सारखं धुऊ नका, उन्हाळ्यात दया येऊन भादरू नका. खायला मोजून द्या. "पोट भरलं हे याला कधीच कळणार नाही. तोंडाकडे बघून वाढाल तर चार वर्षांत याचे गुडघे जातील आणि मग माझ्याकडे रडत याल." आणि मग त्यांनी जांभ्याचा एक कान उलटा केला. "हे लक्षात ठेवा. कान पडके, आत वारा लागत नाही. पोहून आला की आत ओल राहते आणि ओल राहिली की सडतं. दर वेळी दोन्ही कान उलटे करायचे, कापसानं कोरडे करायचे, आपलं बोट जाईल तेवढंच. काडी नाही, तेल नाही, घरगुती शहाणपणा नाही. कान बिघडला तर दोन-तीन महिने पाणी बंद. कोण करणार हे?"

"मी," मी म्हणाले.

"रोज?"

"रोज."

आत्या त्या दिवशी आमच्याबरोबर नव्हती. तेल नाही, हे तिला घरी येऊन कुणी सांगितलं नाही. सांगायचं काम कुणाचं होतं, हे मी आज पन्नाशी उलटल्यावर विचारते आहे. माझंच होतं.

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर कॅनॉल होता. पाणी सोडलेलं असलं की दोन्ही काठ भरून वाहायचा, आणि एका ठिकाणी धुण्यासाठी पायऱ्या होत्या तिथे पाण्याला ओढ कमी. जांभ्यानं पहिल्यांदा ते पाणी पाहिलं आणि साखळीसकट उडी मारली. मी किंचाळले, धुणाऱ्या बायका हसल्या आणि तो डोकं वर काढून माझ्याकडे असा बघत होता की एवढे दिवस हे कुठे लपवून ठेवलं होतंस. मग ते रोजचंच झालं. मी काठी फेकायची, त्यानं आणायची. काठी नसेल तर तो वाहून आलेली चप्पल आणायचा, नारळ आणायचा, एकदा कुणाच्या तरी पूजेचा हार गळ्यात अडकवून आला. करंदीकर म्हणायचे, "अहो, कुत्रं पाळलंय की म्हैस? बघावं तेव्हा ओलं!"

आता खरं सांगते. मला कुत्र्याचं प्रेम होतं, पण त्याहून जास्त मला त्या तासाचं होतं. मी बारावीला होते. कॉलेज, क्लास, घर. मुलीनं संध्याकाळी नुसतंच बाहेर जायचं म्हटलं की आई विचारायची, "कशाला?" आणि त्या कशालाचं उत्तर माझ्याकडे कधीच नसायचं. जांभ्या आला आणि ते उत्तर मिळालं. कॅनॉलच्या मोरीवर मी पाय सोडून बसायची, लायब्ररीची पुस्तकं वाचायची, कधी धुणाऱ्या बायकांच्या गप्पा ऐकायची, आणि कुणीही मला हाक मारायचं नाही. परतताना अंधारून यायचं, उशीर झालेला असायचा, अभ्यासाला बसायचं असायचं. कान पुसायचे राहायचे. आधी एखाद्या दिवशी राहिले. मग एखाद्या दिवशी पुसले. आईनं विचारलं की मी म्हणायची, पुसले ना.

आत्याच्या मात्र लक्षात आलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बाबांनी कापसाचा मोठा गुंडाळा आणून फडताळात ठेवला होता. शेजारीच आत्याचा वातींचा कापूस. रोज दुपारी ती वाती वळायला बसायची, म्हणजे फडताळ रोज उघडायची. दिवाळी होऊन गेल्यावर एके दिवशी तिनं मला सहज विचारलं, "काऊन व पोरी, तुहा कापूस संपूनच नाही राहिला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! "तुला काय करायचंय?" मी म्हणाले. "तू तुझ्या वाती वळ."

वात वळायला तिनं मांडीवर हात फिरवला, आणि मी दप्तर घेऊन क्लासला गेले.

थंडीत जांभ्या डोकं झटकायला लागला. आधी दिवसातून एकदोनदा, मग सारखा. मागच्या पायानं कान खाजवायचा आणि खाजवता खाजवता कळवळायचा. मी मोरीत नेऊन कान उलटा करून पाहिला. आत काळपट चिकट मळ आणि आंबून गेलेल्या पिठाचा वास. मला कळलं काय झालंय ते. कळलं नाही असं मी आजवर स्वतःला सुद्धा सांगू शकलेले नाही. डॉक्टरकडे नेलं तर पाणी बंद, पाणी बंद म्हणजे कॅनॉल बंद, आणि वर 'रोज' म्हणाली होतीस त्याचं काय, हा प्रश्न. म्हणून मी काय केलं, तर आईचा पावडरचा डबा आणला आणि त्याच्या दोन्ही कानांत पावडर भुरभुरली. वास दबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भुरभुरली. तिसऱ्या दिवशी त्याला पुन्हा कॅनॉलवर नेलं. मराठीत डोळ्यांत तेल घालून पहारा करतात आणि कानात तेल घालून झोपतात. मी महिनाभर दोन्ही केलं, वास कुणाला येऊ नये म्हणून पहारा आणि तो विव्हळतोय त्याकडे झोप. सतरा वर्षांची होते, अजाण नव्हते.

आत्या मला तीनदा म्हणाली, डॉक्टरले दाखव. तिन्ही वेळा मी म्हणाले, काही झालेलं नाही, गोचीड असेल. मग एका दुपारी मी कॉलेजात, आई शाळेत शिकवायला, बाबा कारखान्यात, आणि हा प्राणी भिंतीवर कान घासून घासून रडत होता. तेव्हा तिनं तिला ठाऊक असलेली एकमेव गोष्ट केली. लोखंडी पळीत खोबरेल तेल घेतलं, लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून टाकल्या, कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन दोन्ही कानांत घातलं. आमच्याकडे कुठल्या बाळाला घालत नाहीत? तिनं बाबांना घातलं होतं, मला घातलं होतं. मी घरी आले तेव्हा जांभ्या मोरीशी आडवा पडला होता. उठायला गेला आणि एका बाजूला कलंडला. मान वाकडी झाली होती.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो, बाबा, मी आणि आत्या. तीच म्हणाली होती, मी येते, मीच घातलं त्याले तेल. डॉक्टरांनी दिवा लावून कानात पाहिलं आणि वास घेतला. "लसूण? फोडणी दिलीत की काय?" बाबांची मान खाली गेली. डॉक्टरांनी पुष्कळ वेळ कान साफ केले, मळावर मळ निघत होता, आणि जांभ्या माझ्या हातात थरथरत होता, पण एकदाही चावायला आला नाही. मग ते म्हणाले, "पडदे गेलेत. दोन्ही. तेल पार आत उतरलंय. दुखणं बरं करीन मी, ऐकू येणं परत नाही आणता येणार." आणि दिवा बंद करत म्हणाले, "पण हे कालचं नाही. महिनाभर तरी चाललंय हे. कान पुसत होतात ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आत्या भिंतीपाशी पदर धरून उभी होती, तिनं पण पाहिलं.

"हो," मी म्हणाले.

"ती रोज पुसते," बाबा म्हणाले. मग ते वळले. "ताई, महिनाभर तेल घालत होतीस?"

"एकदाच घातलं, बाप्पा. आज दुपारी."

"एकदाच? डॉक्टर काय म्हणताहेत ऐकलंस ना?"

"एकदाच घातलं रे. रडत होतं ते. तुह्या कानात पण मीच घालत होती ना लहानपणी."

"म्हणूनच माझंही डोकं असं झालंय," बाबा म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत. आत्या माझ्याकडे बघत राहिली, रागानं नाही, वाट बघितल्यासारखी. कापसाचा एक शब्द तिला बोलता आला असता. फडताळ उघडून दाखवता आलं असतं. मी जांभ्याच्या पट्ट्याचं बक्कल नीट करत बसले. ते नीटच होतं.

घरी आल्यावर बाबांनी जे तोंड सोडलं ते त्या एका तेलाचं नव्हतं. मलेचं होतं, लसणाच्या वासाचं होतं, करंदीकरांपुढे वर्षानुवर्षं वाटलेल्या लाजेचं होतं. "खेड्यातला अडाणीपणा इथं चालणार नाही, ताई. मुक्या जनावराचा जीव घेतलास. उद्यापासून कशाला म्हणून हात लावायचा नाही." आई म्हणाली, "अहो, पुरे." पण पुरे झालं नाही. मी आतल्या खोलीत रसायनाचं पुस्तक उघडून बसले होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. एक वाक्य. चार पावलं चालून जायचं आणि म्हणायचं, बाबा, मी पुसत नव्हते. मी उठले सुद्धा. दारापर्यंत गेले. मग मनात आलं, आता कॅनॉलही गेला आणि जांभ्याचे कानही गेले, आता सांगून कुणाला काय मिळणार? परत येऊन बसले. त्या विचारात आत्या कुठेच नव्हती. इतकी मी नालायक.

पुढचे आठ दिवस ती घरात होती. कशाला हात लावायचा नाही म्हटल्यामुळे स्वयंपाक आई करायची, शाळेतून येऊन, दमून, आणि भाकऱ्या फाटायच्या. आत्या पाटावर बसून असायची. जांभ्याला हाक ऐकू येत नव्हती. बाबा "जांभ्या, जांभ्या" ओरडायचे आणि तो पाठ करून बसलेला असायचा. आत्यानंच शोधून काढलं की फरशीवर टाच आपटली की त्याला पोटातून कळतं. ती धप्प करून टाच आपटायची आणि तो उठून तिच्याकडे जायचा. नवव्या दिवशी तिनं सांगितलं, मी दिराकडं जाते. बाबा म्हणाले, "बघ बाई, तुझी इच्छा." थांब कुणीच म्हणालं नाही. ते दीर-जाऊ कसे होते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिथूनच तर बाबांनी तिला आणलं होतं.

तिला स्टेशनवर सोडायला मी गेले. बाबांना रजा नव्हती, निदान तसं ते म्हणाले. धामणगावपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी. तिची एक पिशवी आणि वळकटी. खिडकीशी बसल्यावर तिनं पदराच्या टोकानं गजावरची धूळ पुसली. मला रडू फुटलं. "आत्या, मी आज घरी जाऊन बाबांना सांगते," मी म्हणाले. "सगळं सांगते. पावडरचं पण."

पावडरचं तिला माहीत नव्हतं. तिनं पदराचं टोक झटकलं. मग म्हणाली, "काही सांगू नको आता. तुई परीक्षा आहे. घरात बोंब होईन, तुह्यं चित्त नाही लागायचं. माह्यं काय, मले कुठंबी राह्यता येते."

मला हे ऐकून सुटल्यासारखं वाटलं. हो, सुटल्यासारखं. गाडी हलली, मी हात हलवला, आणि बसमध्ये खिडकीशी बसून शेंगा खाल्ल्या. तिनं 'आता' म्हटलं होतं. परीक्षा झाली, निकाल लागला, मार्क चांगले पडले. मग वाटलं, ऐन आनंदात कशाला. मग कॉलेज. मग बाबांचं रक्तदाबाचं दुखणं निघालं. दर वेळी कारण आपोआप सापडायचं, शोधावं लागलं नाही. तिची दोन-तीन पत्रं आली, कुणाकडून तरी लिहून घेतलेली. जांभ्या कसा आहे, असं त्यात असायचं. मी लिहायची, बरा आहे.

आमच्या आजच्या सोसायटीत सतरा कुत्री आहेत, त्यात पाच लॅब्रॅडॉर. आयटीतली पोरं त्यांना वाघोलीपलीकडे कुठेतरी कुत्र्यांच्या खास तलावावर पोहायला नेतात, आणि ग्रुपवर फोटो टाकतात. लिफ्टमध्ये भेटले की मी न विचारता कुत्र्याचा कान उलटा करून बघते. त्यांना मी आगाऊ म्हातारी वाटत असणार. वाटू दे.

दिराकडे गेल्यावर तिसऱ्या वर्षी आत्या गेली. तार नाही, फोन करंदीकरांकडे आला. मुळात साधा ताप होता, अंगावर काढला, कुणी लक्ष दिलं नाही. बाबा एकटेच गेले आणि तेरावं करून परत आले. चेहरा उतरला होता, पण काहीतरी मनातून गेल्यासारखे शांत होते. हातपाय धुऊन पानावर बसले. आई समोर बसली, वाढायला मी.

"तिथं सगळ्यांना माहीत होतं," बाबा म्हणाले. "दीर सांगत होते, शेजारच्या बायकाही सांगत होत्या. भावाकडून परत का आलीस असं कुणी विचारलं की ताई म्हणायची, माझ्या हातून पोरीच्या कुत्र्याचे कान गेले, मग कोणत्या तोंडानं राहू तिथं?"

आई म्हणाली, "अगं बाई! असं सांगायची?"

"सगळ्यांना." बाबांनी डाव्या हातानं डोळे पुसले. "आणि इथं शेवटपर्यंत एकदाच घातलं, एकदाच घातलं करत राहिली. मला तोच राग होता, दुसरा नव्हता. चूक झाली तर झाली म्हणावं माणसानं. असो. शेवटी कबूल केलं तिनं. माझ्या मनातलं किल्मिष गेलं."

मी भाताचं पातेलं हातात धरून उभी होते.

"बाबा, आमटी वाढू?" मी विचारलं.